औषधांमुळे यकृताला इजा होऊन बरे झालेल्यांनी पुढील औषधे कशी घ्यावीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील ज्या मराठी कुटुंबांत कोणाला क्षयरोगाच्या, फिट्सच्या किंवा दुखण्याच्या गोळ्यांनी कावीळ झाली आणि नंतर ती उतरली, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. आजार चालू असताना काय करायचे ते डॉक्टर सांगतात. रिपोर्ट नॉर्मल आल्यानंतर मात्र पुढच्या वर्षांत कधी ताप येतो, कधी दात काढावा लागतो, कधी रक्तदाबाची गोळी सुरू होते, आणि त्या वेळी जुन्या काविळीचा विचार कोणीच करत नाही. इथली माहिती डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी वापरू नये. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय सांगायचे आणि काय विचारायचे, हे ठरवण्यासाठी वापरावी.

यकृत औषधांचे नेमके काय करते?

तोंडाने घेतलेले औषध आतड्यात शोषले गेले की ते रक्ताबरोबर आधी यकृतात जाते आणि मगच उरलेल्या शरीरात पोहोचते. बहुतेक औषधे तेलात विरघळणारी असतात. ती तशीच राहिली तर लघवीवाटे सहजासहजी बाहेर पडत नाहीत, म्हणून यकृत त्यांना पाण्यात विरघळणारे रूप देते. हे काम साधारण दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात सायटोक्रोम पी-४५० या नावाने ओळखला जाणारा विकरांचा, म्हणजे एन्झाइम्सचा, समूह औषधाच्या रेणूत बदल घडवतो. यातील सीवायपी ३ए४ हे एकटे विकर आज वापरात असलेल्या जवळपास निम्म्या औषधांच्या विघटनात भाग घेते. दुसऱ्या टप्प्यात त्या बदललेल्या रेणूला ग्लुकुरोनिक आम्ल, सल्फेट किंवा ग्लुटाथायोन जोडले जाते आणि मग तो पित्तातून किंवा लघवीतून बाहेर पडतो.

पहिल्या टप्प्यातून निघणारा पदार्थ मूळ औषधापेक्षा सौम्यच असतो असे नाही. काही वेळा तो अधिक विषारी असतो, आणि दुसऱ्या टप्प्याने त्याला वेळेवर आवरले नाही तर यकृताच्या पेशी मरू लागतात.

औषधाने होणारी इजा सर्वांना सारखीच होते का?

नाही, आणि हा फरक समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळणार नाही. एका प्रकारची इजा मात्रेवर ठरते. पॅरासिटामॉल ठरावीक मर्यादेपलीकडे घेतले तर ते कोणाच्याही यकृताला इजा करते. मात्रा जितकी जास्त, तितकी इजा मोठी. दुसऱ्या प्रकारची इजा नेहमीच्या मात्रेतही होते, पण मोजक्याच लोकांना होते. क्षयरोगाच्या गोळ्या, ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनेट हे अँटिबायोटिक, फेनिटॉइन, व्हॅल्प्रोएट आणि कार्बामाझेपिन या फिट्सच्या गोळ्या यांची इजा या दुसऱ्या प्रकारात मोडते. तिच्या मुळाशी त्या व्यक्तीची जनुकीय घडण, तिची रोगप्रतिकारशक्ती आणि त्या औषधाचे रसायन यांचा मेळ असतो. भारतात या प्रकारच्या इजेचे सर्वांत मोठे कारण क्षयरोगावरील औषधे हेच आहे.

बरे झाल्यावर यकृत इतर औषधे पूर्वीसारखी पचवते का?

बहुतेकांच्या बाबतीत होय. इजा करणारे औषध थांबवले की यकृताच्या पेशी पुन्हा वाढतात, विकरे पुन्हा तयार होतात, आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत औषधांचे विघटन मूळ गतीवर येते. तीव्र हिपॅटायटिसच्या, म्हणजे यकृताच्या सुजेच्या, काळात डायझेपामसारखे झोपेचे औषध शरीरात नेहमीपेक्षा बराच अधिक वेळ रेंगाळते, पण रुग्ण बरा झाल्यावर तेच औषध पुन्हा पूर्वीच्या वेगाने बाहेर पडते. त्यामुळे कावीळ झाली म्हणून आता आयुष्यभर प्रत्येक गोळी अर्धी करूनच घ्यायची, अशी जी समजूत आपल्याकडे पक्की बसली आहे ती बहुसंख्य रुग्णांना लागू पडत नाही. उलट तिच्यामुळे नुकसान होते: रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी स्वतःहून अर्धी करणारा माणूस यकृत वाचवत नाही, तो पक्षाघाताचा धोका ओढवून घेतो.

अपवाद आहे तो ज्यांचे यकृत पूर्ण सावरलेले नाही त्यांचा. थोड्या रुग्णांत सहा महिन्यांनंतरही तपासण्या बिघडलेल्या राहतात, आणि फार थोड्यांत पुढे यकृतात तंतू वाढून सिऱ्हॉसिसही होतो. अशा यकृतात दोन गोष्टी घडतात. पहिल्या टप्प्यातील विकरे आधी मंदावतात, दुसऱ्या टप्प्यातील ग्लुकुरोनिक आम्ल जोडण्याचे काम मात्र बरेच उशिरापर्यंत टिकते. म्हणूनच झोपेचे किंवा चिंतेचे औषध देणे भागच पडले तर अशा रुग्णाला डॉक्टर डायझेपामऐवजी लोराझेपामसारखे, थेट दुसऱ्या टप्प्याने बाहेर जाणारे औषध निवडतात. दुसरी गोष्ट अशी की प्रोप्रॅनोलॉल किंवा मॉर्फिन यांसारखी जी औषधे एरवी यकृतातून पहिल्याच फेरीत मोठ्या प्रमाणात नष्ट होतात, ती अशा रुग्णात न नष्ट होता रक्तात उतरतात आणि नेहमीची मात्रासुद्धा जड जाते.

रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे यकृताचे काम पूर्ववत झाले, असे मानावे का?

एलएफटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यकृताच्या रक्ततपासणीतील प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट सांगतो. एएलटी आणि एएसटी, म्हणजे जुन्या रिपोर्टांतील एसजीपीटी आणि एसजीओटी, हे पेशी मरत आहेत की नाहीत ते दाखवतात. इजा थांबली की ते लवकर खाली येतात, कारण एएलटी रक्तात साधारण दोन दिवसांत निम्म्यावर येते. बिलिरुबिनचा, म्हणजे कावीळ आणणाऱ्या पिवळ्या द्रव्याचा, काही भाग अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटून बसतो आणि अल्ब्युमिनचे अर्धायुष्य सुमारे २० दिवसांचे असते. त्यामुळे बाकी सगळे सुधारले तरी डोळ्यांचा पिवळेपणा काही आठवडे रेंगाळू शकतो, आणि तेवढ्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. यकृत खरोखर काम करते आहे की नाही हे अल्ब्युमिन आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम किंवा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारे आकडे) यांवरून अधिक चांगले कळते.

मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनवरून औषधाची मात्रा ठरवता येते. यकृतासाठी असा सोपा एकच आकडा नाही. म्हणून डॉक्टर बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, पोटातील पाणी आणि रुग्णाची शुद्धी यांचा एकत्र विचार करतात, गरज पडल्यास सोनोग्राफी आणि यकृताचा कडकपणा मोजणारी फायब्रोस्कॅन तपासणी सांगतात. काविळीनंतरचा एकच नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन तपासणी सोडून देणारे पुष्कळ असतात. सहा महिन्यांनी आणखी एकदा तपासणी करून घेणे माझ्या मते टाळू नये, विशेषतः ज्यांचे बिलिरुबिन फार वाढले होते त्यांनी.

यकृत पूर्ण बरे झाले असेल, तर तीच गोळी पुन्हा घ्यायला काय हरकत आहे?

हाच या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. यकृताची ताकद परत येणे ही एक गोष्ट, आणि त्या विशिष्ट औषधाबद्दलचा धोका संपणे ही दुसरी. पहिली घडते, दुसरी घडेलच असे नाही. ज्या जनुकीय घडणीमुळे किंवा ज्या प्रतिकारशक्तीच्या ओळखीमुळे पहिली इजा झाली, ती घडण बदललेली नसते आणि ती ओळखही पुसलेली नसते. त्यामुळे तेच औषध पुन्हा घेतल्यास दुसरी कावीळ पहिलीपेक्षा लवकर आणि अधिक जोराने होऊ शकते, विशेषतः पहिल्या वेळी ताप, अंगावर पुरळ, गाठींना सूज अशी लक्षणे बरोबर आली असतील तर.

पहिल्या वेळी इजा किती गंभीर होती यालाही मोठे महत्त्व आहे. अमेरिकेतील यकृततज्ज्ञ हायमन झिमरमन यांच्या निरीक्षणावरून एक नियम रूढ झाला: पित्तमार्गात अडथळा किंवा दुसरे कोणतेही कारण नसताना औषधामुळे एएलटी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीच्या वर आणि बिलिरुबिन दुपटीच्या वर गेले, तर अशा रुग्णांपैकी निदान दहातील एकाचा जीव धोक्यात येतो. तुमच्या जुन्या रिपोर्टात हे दोन्ही आकडे असे वाढलेले असतील, तर ते औषध पुन्हा घेण्याचा निर्णय घरी किंवा मेडिकलच्या काउंटरवर कधीच होऊ नये.

मग क्षयरोगाच्या त्याच गोळ्या डॉक्टर पुन्हा का सुरू करतात?

कारण इथे दुसऱ्या पारड्यात क्षयरोग असतो, आणि उपचार अर्धवट राहिला तर तो रोग जीव घेतो, घरातल्या इतरांना होतो किंवा औषधांना दाद न देणारा बनतो. नेहमीच्या उपचारातील चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तीन यकृताला इजा करू शकतात. इथॅम्ब्युटॉल सहसा करत नाही. इजा बहुधा पहिल्या दोन महिन्यांत दिसते. लक्षणे असताना एएलटी तिपटीवर किंवा लक्षणे नसतानाही पाचपटीवर गेली, की तिन्ही औषधे थांबवतात. मध्यंतरी इथॅम्ब्युटॉल, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी यकृताला सोसणारी औषधे देऊन रोग आटोक्यात ठेवतात.

एएलटी दुपटीच्या खाली आली की औषधे एकेक करून पुन्हा देतात. बहुतेक ठिकाणी आधी रिफाम्पिसिन, काही दिवस थांबून तपासणी, मग आयसोनियाझिड, पुन्हा तपासणी असा क्रम असतो. कोणत्या औषधाने घात केला ते यातून उघड होते. पायराझिनामाइड अनेकदा वगळले जाते, निदान पहिली इजा गंभीर असेल तेव्हा तरी. आणि ते वगळले तर सहा महिन्यांचा उपचार सुमारे नऊ महिन्यांचा होतो. जादा तीन महिने म्हणजे रोग बळावला असे अनेकांना वाटते. तसे नसते, एक औषध कमी असल्यामुळे वेळ वाढलेली असते.

हा पुनर्प्रवेश बहुसंख्य रुग्णांना सोसतो, पण तो तपासणीच्या देखरेखीखालीच सोसतो. चार औषधे एकत्र असलेली जुनी पाकिटे घरात उरलेली असतील तर ती केंद्रावर परत द्यावीत. बरे वाटू लागल्यावर राहिलेला कोर्स पुरा करू या, असे म्हणून त्याच पाकिटातील गोळ्या स्वतःहून सुरू करणे हा सर्वांत घातक प्रकार आहे.

सर्वांना त्याच गोळ्या, मग कावीळ मलाच का झाली?

आयसोनियाझिड शरीरातून काढणारे मुख्य विकर एनएटी२ आहे आणि त्याचा वेग माणसागणिक बदलतो. भारतात या विकराचा वेग जन्मतः मंद असलेल्यांचे प्रमाण मोठे आहे. अशा व्यक्तीच्या शरीरात औषध आणि त्यापासून बनणारी हायड्राझिन गटातील विषारी द्रव्ये अधिक काळ राहतात, त्यामुळे इजेची शक्यता वाढते. वाढते वय, कमी वजन, दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी ही त्यात भर घालणारी कारणे. हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी आणि उपचार २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. औषधी काविळीतून उठलेल्या प्रत्येकाने ही तपासणी एकदा करून घ्यावी, कारण औषधाच्या माथी मारलेली कावीळ कधी कधी विषाणूची निघते. एनएटी२चा वेग जन्मभर तोच राहतो, म्हणून काविळीतून बरे झाल्याने या बाबतीत काहीही बदलत नाही.

क्षयरोगाच्या गोळ्या बंद झाल्यावर माझी साखर एकदम उतरू लागली. हे यकृत बिघडल्यामुळे झाले का?

यकृत अशक्त असताना साखर उतरण्याचा धोका असतोच, पण यामागे आणखी एक कारण असू शकते, आणि ते फार कमी रुग्णांना सांगितले जाते. रिफाम्पिसिन हे यकृतातील विकरांना जोराने वाढवणारे औषध आहे. ते चालू असताना सीवायपी ३ए४ आणि सीवायपी २सी९ ही विकरे इतकी वाढतात की इतर अनेक औषधे नेहमीपेक्षा लवकर नष्ट होतात. त्यामुळे उपचाराच्या काळात डॉक्टरांना ग्लिमेपिराइडसारख्या साखरेच्या गोळीची मात्रा वाढवावी लागते, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनची मात्रा तर कित्येकदा दुप्पट किंवा त्याहूनही अधिक करावी लागते. रक्तदाबाचे अम्लोडिपिन आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड यांचा परिणामही घटतो.

आता कावीळ झाली म्हणून रिफाम्पिसिन एका दिवसात थांबवले, तर वाढलेली विकरे एका दिवसात कमी होत नाहीत. त्यांना मूळ पातळीवर यायला सुमारे दोन आठवडे लागतात. या दोन आठवड्यांत इतर औषधांचे रक्तातील प्रमाण हळूहळू चढत जाते. वाढवलेली मात्रा तशीच चालू राहिली तर साखर खाली जाते, आयएनआर वाढून रक्तस्राव होतो, रक्तदाब फार उतरतो. त्यात यकृत आधीच थकलेले असते आणि रुग्णाचे जेवणही कमी झालेले असते, म्हणजे धोका तिहेरी. मग रिफाम्पिसिन पुन्हा सुरू झाले की हेच सगळे उलट दिशेने घडते. म्हणून ज्या दिवशी क्षयरोगाची औषधे थांबतात किंवा पुन्हा सुरू होतात, त्याच दिवशी साखरेच्या, रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. क्षयरोगाचे औषध सरकारी केंद्रातून आणि साखरेचे खासगी दवाखान्यातून, अशी विभागणी आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात असते. दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवणे रुग्णाच्याच हातात आहे.

स्त्रियांसाठी आणखी एक गोष्ट: रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही, आणि ते थांबवल्यानंतरही सुमारे चार आठवडे दुसरे साधन वापरावे लागते.

पॅरासिटामॉल आता कायमचे बंद करायचे का?

पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेने इजा झाली नसेल आणि यकृत सावरले असेल, तर तापासाठी आणि अंगदुखीसाठी योग्य मात्रेतील पॅरासिटामॉल हेच सहसा सर्वांत सुरक्षित औषध ठरते. नेहमीच्या मात्रेत त्याचा मोठा भाग ग्लुकुरोनिक आम्ल आणि सल्फेट जोडून निघून जातो. थोडा भाग सीवायपी २ई१ या विकरामुळे एका विषारी पदार्थात बदलतो आणि ग्लुटाथायोन त्याला निकामी करते. रोज दारू पिणाऱ्यात हे विकर वाढलेले असते, तर उपाशी किंवा कुपोषित माणसात ग्लुटाथायोनचा साठा कमी असतो. दोन्ही कारणे एकत्र आली की मर्यादेतील मात्राही महाग पडते.

निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम मानली जाते. यकृताचा आजार, दारू किंवा कमी वजन असलेल्यांना डॉक्टर बहुधा २ ग्रॅमपर्यंतच परवानगी देतात, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार किंवा ६५० च्या तीन गोळ्या. अडचण अशी की सर्दीच्या गोळीत, सांधेदुखीच्या जोडगोळीत आणि ट्रामाडॉल या वेदनाशामकाबरोबरच्या गोळीतही पॅरासिटामॉल असते. ऊसतोडीच्या किंवा भातलावणीच्या दिवसांत सकाळी एक गोळी अंगदुखीची, संध्याकाळी दुसरी तापाची असे करत मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. पाकिटामागचे घटक वाचावेत, वाचता येत नसतील तर मेडिकलवाल्याला विचारावेत. चुकून जास्त गोळ्या घेतल्या गेल्याच, तर लक्षणांची वाट न पाहता लगेच मोठ्या रुग्णालयात जावे: त्यावरचा उतारा, ॲसिटिलसिस्टीन, पहिल्या आठ तासांत सर्वांत चांगला लागू पडतो आणि त्या आठ तासांत रुग्णाला फारसे काही जाणवतही नाही.

फिट्सच्या गोळीने कावीळ झाली होती. आता कोणती गोळी चालेल?

फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटाल यांची रासायनिक घडण जवळची आहे, आणि यांपैकी एकाने ताप, पुरळ व कावीळ झाली तर दुसऱ्यानेही होण्याची शक्यता बरीच असते. म्हणून एक बंद करून तिच्याच कुळातील दुसरी सुरू करणे टाळतात. व्हॅल्प्रोएटची इजा वेगळ्या वाटेने होते. ज्याला ती एकदा झाली त्याला ते औषध पुन्हा देत नाहीत. अशा वेळी लिव्हेटिरासिटाम हा पर्याय बहुधा पुढे येतो, कारण त्याचा बराच मोठा भाग तसाच लघवीतून बाहेर पडतो आणि यकृतावर भार पडत नाही. फिट्सची गोळी स्वतःहून अचानक बंद करू नये; न थांबणारी फिट ही काविळीइतकीच जीवघेणी असते. क्षयरोग आणि फिट्स दोन्ही असलेल्यांनी हेही सांगावे, कारण आयसोनियाझिडमुळे फेनिटॉइनचे रक्तातील प्रमाण वाढते आणि झोक जाणे, दोन-दोन दिसणे सुरू होते.

अँटिबायोटिक घेऊन संपल्यानंतर कावीळ झाली, तर दोष त्याचाच कसा?

ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनेटच्या बाबतीत असे होते. पाच-सात दिवसांचा कोर्स संपून काही आठवडे झाल्यावरही कावीळ दिसू शकते, खाज फार येते, आणि तोपर्यंत रुग्ण ते औषध विसरूनही गेलेला असतो. यातील दोषी घटक सहसा क्लॅव्ह्युलेनेट असतो. दात काढताना किंवा घसा दुखताना हेच औषध सर्रास लिहून दिले जाते, म्हणून दंतवैद्यालाही आपला इतिहास सांगणे आवश्यक आहे.

साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचे काय?

साखरेच्या मेटफॉर्मिनचे यकृतात विघटनच होत नाही, ते मूत्रपिंडातून जसेच्या तसे बाहेर पडते. रक्तदाबाच्या लिसिनोप्रिल आणि ॲटेनोलॉल यांचेही तसेच. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातील गोळ्यांमुळे गंभीर इजा क्वचित होते, आणि दुसऱ्या औषधाने झालेली कावीळ बरी झाल्यावर हृदयविकाराच्या रुग्णाला स्टॅटिन नाकारणे योग्य नाही.

पुढे शस्त्रक्रिया करायची झाली तर भूल चालेल का?

चालेल, मात्र भूलतज्ज्ञांना आधी सांगावे. पूर्वी वापरात असलेल्या हॅलोथेन या भुलीच्या वायूचा सुमारे पाचवा हिस्सा यकृतात मोडला जाई आणि पुन्हा दिल्यावर त्याची कावीळ अधिक तीव्र होई. आजच्या आयसोफ्लुरेनचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. ज्यांना भुलीनंतरच कावीळ झाली होती त्यांनी त्या शस्त्रक्रियेचे कागद जपून ठेवावेत.

काविळीसाठी गुळवेल, गावठी पाला, काविळीची माळ हे उपाय करावेत का?

आपल्या भागात कावीळ झाली की आधी पाला देणाऱ्याकडे जाण्याची रीत जुनी आहे, आणि सांगणारी माणसे बहुधा आपुलकीनेच सांगतात. गळ्यात माळ घातल्याने यकृताला काही अपाय होत नाही. अपाय होतो तो तपासणी लांबल्याने आणि माळेबरोबर दिलेल्या अनोळखी भुकटीने. वनस्पतीतील द्रव्यांचे विघटनही त्याच यकृतात, त्याच विकरांनी होते. गुळवेल, जिला आपल्याकडे कन्नडमध्ये अमृतबळ्ळी म्हणतात, तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला आणि दिसायला सारख्या असलेल्या दुसऱ्या वेलीचा गोंधळ झाला असावा असे म्हटले. तो वाद बाजूला ठेवला तरी ज्याचे यकृत नुकतेच सावरले आहे त्याने, आणि ज्याला प्रतिकारशक्तीशी निगडित आजार आहे त्याने, गुळवेलीचा काढा टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. स्वयंपाकातील हळदीने काही होत नाही. मिरीचा अर्क मिसळलेल्या हळदीच्या कॅप्सूल मात्र वेगळ्या, त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

खाण्यापिण्याचे पथ्य किती दिवस पाळावे?

उसाचा रस आणि ताकभात यांवर महिना काढण्याची गरज नाही. तेल, डाळ, अंडी पूर्ण तोडल्याने प्रथिने घटतात, वजन उतरते, ग्लुटाथायोन कमी होते आणि यकृताचीच भरपाई लांबते. भूक लागेल तसे साधे, पुरेसे आणि डाळ-कडधान्ये, दूध, अंडी असलेले जेवण घ्यावे. हंगामातला रस्त्यावरचा रस बर्फ आणि पाणी यांमुळे हिपॅटायटिस ए किंवा ई देऊ शकतो, आणि सावरत्या यकृतावर दुसरी कावीळ येणे फार वाईट. पपनसाबद्दल एक सूचना आहे: या फळातील काही द्रव्ये सीवायपी ३ए४ ला अडवतात, म्हणून टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनसारखी, अवयव प्रत्यारोपणानंतर दिली जाणारी औषधे चालू असलेल्यांनी ते खाऊ नये.

दारू, विडी आणि तंबाखू यांचा औषधांशी संबंध कसा?

दारू पूर्ण बंद ठेवणेच योग्य. वर सांगितलेले सीवायपी २ई१ हे त्याचे एक कारण, यकृतात चरबी साठणे हे दुसरे. विडीचा संबंध निराळा आहे. निपाणी भागात विडी ओढणारे पुष्कळ, आणि विडी-सिगारेटच्या धुरातील द्रव्ये सीवायपी १ए२ हे विकर वाढवतात. धूर बंद झाला की आठवडाभरात विकर खाली येते आणि दम्याचे थिओफिलिन किंवा मानसिक आजारावरील क्लोझापिन व ओलान्झापिन यांचे प्रमाण रक्तात वाढते. त्यामुळे विडी सोडावी हे निश्चित, पण सोडताना या औषधांच्या मात्रेविषयी डॉक्टरांना विचारावे. तंबाखू चघळल्याने किंवा मिश्री लावल्याने विकरावर हा परिणाम होत नाही, कारण तो निकोटिनचा नसून धुराचा आहे.

सीमाभागातील रुग्णाने कोणते कागद जवळ ठेवावेत?

आपली माणसे उपचारासाठी बेळगावला, हुबळीला, कोल्हापूर-मिरजेला आणि गोव्यात बांबोळीला जातात. तीन राज्यांतील रुग्णालयांच्या नोंदी एकमेकांना आपोआप दिसतील असा भरवसा धरता येत नाही. सरकारी पत्रके कन्नडमध्ये, डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत आणि घरातील वडीलधारी माणसे फक्त मराठी वाचणारी, अशी स्थिती असते. त्यातच एकाच औषधाची ब्रँडची नावे ढीगभर असतात, म्हणून खानापूरच्या चिठ्ठीत एका नावाने बंद केलेली गोळी गडहिंग्लजच्या चिठ्ठीत दुसऱ्या नावाने परत येऊ शकते. ज्या धोक्याबद्दल वर इतके लिहिले, तो प्रत्यक्षात बहुतेक वेळा याच वाटेने घरात शिरतो.

म्हणून एका जाड कागदावर औषधाचे मूळ, म्हणजे जेनेरिक, नाव इंग्रजी आणि मराठी दोन्ही लिप्यांत लिहावे. त्याखाली ते कधी सुरू झाले, कावीळ किती दिवसांनी दिसली, एएलटी आणि बिलिरुबिन जास्तीत जास्त किती वाढले, बरे व्हायला किती काळ लागला, पुरळ किंवा ताप होता का, आणि ते औषध पुन्हा देऊन पाहिले होते का, एवढे नोंदवावे. हा मजकूर डॉक्टरांकडूनच लिहून व सही करून घेतला तर उत्तम. तो पाकिटात ठेवावा, त्याचा फोटो घरातील दोघांच्या तरी फोनमध्ये असावा. क्षयरुग्णांना सरकारी क्षयरोग नोंदणीचा निक्षय क्रमांक मिळालेला असतो. कामासाठी गोव्यात किंवा महाराष्ट्रात गेल्यास उपचार त्याच क्रमांकावर पुढे चालू ठेवता येतो, मात्र काविळीची आणि वगळलेल्या औषधाची माहिती नव्या केंद्रावर तोंडी पुन्हा सांगावी. घरातील इतरांना प्रतिबंधक उपचार म्हणून आयसोनियाझिड देऊ केले जाते. ज्याला त्यानेच पूर्वी कावीळ झाली आहे त्याने ते घेण्याआधी हा कागद पुढे करावा.

पुन्हा इजा होत असल्याचे कसे ओळखावे?

डोळे पिवळे होण्याच्या आधीच काही दिवस भूक मरते, मळमळते, उजव्या बरगडीखाली जड वाटते, अंग गळून जाते. नवे औषध सुरू झाल्यावर ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून गोळी थांबवावी आणि एलएफटी करावी. रिफाम्पिसिनने लघवी लालसर-केशरी होते, ती कावीळ नव्हे. शंका असल्यास दिवसाच्या उजेडात डोळ्यांचा पांढरा भाग पाहावा. असंबद्ध बोलणे, दिवसा झोपून राहणे आणि रात्री जागणे, हिरड्यांतून रक्त येणे, पोट फुगणे यांपैकी काहीही दिसले तर १०८ ला फोन करून थेट मोठ्या रुग्णालयात जावे. तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लावून रात्र काढू नये.

औषधाने कावीळ झाल्याचे कोठे कळवता येते का?

येते, आणि रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः कळवू शकतात. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत देशाचा औषधदक्षता कार्यक्रम चालतो. त्याची निःशुल्क दूरध्वनी सेवा १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर आहे, आणि अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत दुष्परिणामांची नोंद घेणारी केंद्रे आहेत. ॲलोपॅथिक औषधाबरोबर काढा, भुकटी किंवा शक्तिवर्धक घेतले असल्यास तेही सांगावे आणि शक्य असल्यास उरलेली पुडी, बाटली व बिल जपून ठेवावे. कळवताना औषधाचे नाव, बॅच क्रमांक, घेतलेली मात्रा आणि तारखा हाताशी असाव्यात. दोष त्या औषधाचाच आहे हे रुग्णाने सिद्ध करण्याची अट नाही.